'एव्हरीवन'नंतर 'देअर' चालते का? इंग्रजीतील अनिश्चित सर्वनामांचा नेमका वापर

लेखनसीमा

माझ्या कामाचा बराचसा भाग इंग्रजी अहवाल आणि परिपत्रके लिहिण्यात व तपासण्यात जातो. एका परिपत्रकात मी 'एव्हरीवन हॅज टू सबमिट देअर रिपोर्ट बाय फ्रायडे' असे वाक्य लिहिले होते. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्यातील 'देअर' खोडून 'हिज ऑर हर' केले. त्यांचे म्हणणे असे की 'एव्हरीवन' एकवचनी आहे, म्हणूनच पुढे 'हॅज' आले. मग त्याच वाक्यात तेच सर्वनाम दोन शब्दांनंतर अनेकवचनी कसे होईल? त्यांचा तर्क बिनतोड वाटतो, पण चांगल्या इंग्रजी वृत्तपत्रांत आणि पुस्तकांत मला पहिल्या प्रकारचीच वाक्ये सातत्याने दिसतात.

'समवन', 'एनीवन', 'नोबडी', 'ईच', 'नायदर', 'नन', 'ऑल', 'फ्यू' या सर्व अनिश्चित सर्वनामांबाबत कोणते एकवचनी आणि कोणते अनेकवचनी याच्या याद्या मी पाठ केल्या आहेत, पण प्रत्यक्ष लिहिताना त्या अपुऱ्या पडतात. या याद्यांच्या मागे काही सूत्र आहे का, हे जाणकारांनी सांगावे, अशी विनंती आहे.

मुद्रितशोधक

तुमचे मूळ वाक्य बरोबर आहे. क्रियापद सर्वनामाच्या रूपाकडे पाहून ठरते आणि मागाहून येणारे सर्वनाम अर्थाकडे पाहून ठरते. 'एव्हरीवन' रूपाने एक आहे, म्हणून 'हॅज'. अर्थाने त्यात अनेक माणसे आहेत, म्हणून 'देअर'. एका वाक्यात दोन कसोट्या लागू होतात, एवढेच. त्यात विसंगती नाही.

व्याकरणनिष्ठ

मुद्रितशोधक यांच्याशी मी सहमत नाही. औपचारिक लेखनात कर्त्याचे वचन वाक्यभर एकच राहिले पाहिजे. आज 'देअर' चालवून घेतले, तर उद्या 'एव्हरीवन हॅव'ही चालवावे लागेल. ज्यांना 'हिज ऑर हर' अवघडल्यासारखे वाटते, त्यांनी वाक्यच बदलावे: 'ऑल एम्प्लॉइज मस्ट सबमिट देअर रिपोर्ट्स.' येथे कर्ताही अनेकवचनी आणि सर्वनामही अनेकवचनी, त्यामुळे कोणालाही बोट ठेवता येत नाही. लेखकाला सोपा मार्ग उपलब्ध असताना वादग्रस्त रचना का स्वीकारावी?

जुनीपाने

व्याकरणनिष्ठ यांनी सुचवलेला बदल उत्तम आहे आणि परिपत्रकात मीही तोच करीन. मात्र 'देअर'चा हा वापर म्हणजे हल्लीची ढिलाई आहे, असा समज त्यामागे असेल, तर इतिहास वेगळा आहे. 'एव्हरीवन', 'एनीवन' यांसारख्या शब्दांमागून 'दे' आणि 'देअर' येण्याची उदाहरणे इंग्रजीत चौदाव्या शतकापासून सापडतात. त्याला हरकत घेतली गेली ती बरीच नंतर, अठराव्या शतकात, जेव्हा व्याकरणाची पाठ्यपुस्तके मोठ्या संख्येने छापली जाऊ लागली. लिंडली मरी यांच्या १७९५ मधील व्याकरणात अशी वाक्ये अशुद्ध ठरवून त्या जागी पुल्लिंगी 'ही' आणि 'हिज' घालण्यास सांगितले होते. १८५० मध्ये ब्रिटिश संसदेने एका अधिनियमात अशी तरतूद केली की कायद्यात पुल्लिंगी शब्द आला, तर त्यात स्त्रियांचाही समावेश धरावा. म्हणजे दीर्घकाळ औपचारिक लेखनात 'एव्हरीवन ... हिज' हेच प्रमाण मानले गेले.

'हिज ऑर हर' हा त्यानंतर काढलेला तोडगा आहे. एका वाक्यात तो खपून जातो, पण परिच्छेदभर 'ही ऑर शी', 'हिम ऑर हर' असे चालू राहिले की वाचकाला ठेचा लागतात. अमेरिकी मानसशास्त्र संघटनेच्या लेखनशैलीच्या नियमावलीने २०१९ च्या सातव्या आवृत्तीत एकवचनी 'दे'ला औपचारिक संशोधनलेखनातही मान्यता दिली आणि मेरिअम-वेब्स्टर या शब्दकोशाने त्याच वर्षी 'दे' हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. त्यामुळे लेखनसीमा यांच्या सहकाऱ्यांनी केलेली दुरुस्ती चुकीची नाही, पण ती आवश्यकही नव्हती.

व्याकरणनिष्ठ

इतिहास मान्य आहे. तरीही माझा दुसरा प्रश्न शिल्लक राहतो. 'देअर' चालते, तर 'एव्हरीवन हॅव' का चालत नाही?

मुद्रितशोधक

कारण क्रियापद कर्त्याला लागून येते आणि 'एव्हरीवन'मधला 'वन' तेथे डोळ्यांसमोर असतो. 'समवन', 'एनीबडी', 'नथिंग', 'एव्हरीथिंग' या सर्वांच्या शेवटी 'वन', 'बडी' किंवा 'थिंग' आहे आणि हे तिन्ही शब्द एकवचनी आहेत. या गटाचे क्रियापद नेहमी एकवचनीच येते, मग अर्थ शंभर माणसांचा असो. नंतर येणारे सर्वनाम कधी त्याच वाक्यात दूरवर, तर कधी पुढच्या वाक्यात असते. तेथे शब्दाचे रूप मागे पडते आणि त्या शब्दाने सांगितलेली माणसे लक्षात राहतात. 'एव्हरीवन क्लॅप्ड, अँड देन दे लेफ्ट' या वाक्यात 'दे'च्या जागी 'ही ऑर शी' घालून पाहा. तशा वाक्याला कोणीही धजणार नाही.

उत्तरा

अनेक वर्षे इंग्रजी शिकवत असल्याने वेगळा मुद्दा मांडते. 'देअर' की 'हिज ऑर हर' हा वाद इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही पडतो. मराठी भाषकांच्या लेखनात त्याहून कितीतरी जास्त आढळणारी चूक नकारार्थी वाक्यांत होते आणि तिचे मूळ आपल्या वाक्यरचनेत आहे.

आपण म्हणतो, 'कोणीही आले नाही.' 'कोणीही' आणि 'नाही' हे दोन्ही शब्द वाक्यात लागतात. विद्यार्थी त्याचे शब्दश: इंग्रजी करतो: 'एनीवन डिड नॉट कम.' हे वाक्य इंग्रजीत होत नाही. काही जण 'नोबडी डिड नॉट कम' असे लिहितात. त्याचा प्रमाण इंग्रजीत अर्थ उलटा होतो, कारण 'नोबडी'मध्ये एक नकार आधीच आहे आणि 'नॉट'ने दुसरा आला की न आलेले कोणीच उरत नाही, म्हणजे सगळेच आले. योग्य वाक्य आहे 'नोबडी केम'. प्रमाण इंग्रजीत एका उपवाक्यात नकार एकदाच सांगायचा असतो. तो सर्वनामात सांगितला की क्रियापद होकारार्थीच राहते.

दुसरी अट क्रमाची आहे. 'आय डिड नॉट मीट एनीवन' हे बरोबर, कारण 'नॉट' आधी आले आणि 'एनीवन' नंतर. नकाराच्या आधाराने येणारे 'एनीवन' त्या नकाराच्या आधी उभे राहू शकत नाही. म्हणूनच कर्त्याच्या जागी 'नोबडी' किंवा 'नो वन' घ्यावे लागते आणि कर्माच्या जागी 'नॉट ... एनीवन' किंवा 'नोबडी' यांपैकी काहीही चालते. मी वर्गात ही दोन वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहून 'नॉट'भोवती वर्तुळ काढते आणि 'एनी' त्याच्या डावीकडे आहे की उजवीकडे, एवढेच विचारते. बहुतेक मुलांचा गोंधळ तेथेच संपतो.

शंकासुर

उत्तराताई, मग 'एनीवन हू हॅज नॉट रजिस्टर्ड विल नॉट बी अलाउड' हे वाक्य चूक का? येथे 'एनीवन' दोन्ही 'नॉट'च्या डावीकडे आहे, तरीही असे वाक्य मी सूचनाफलकांवर वाचले आहे.

उत्तरा

शंकासुर, ते वाक्य चूक नाही. 'एनी' दोन कामे करते. एका कामात ते नकार, प्रश्न किंवा अट यांच्या आधारावर टिकते: 'डिड एनीवन कॉल?', 'इफ एनीवन कॉल्स'. दुसऱ्या कामात त्याचा अर्थ 'जो कोणी, तो' असा होतो: 'एनीवन कॅन लर्न धिस.' या दुसऱ्या अर्थाला नकाराचा आधार लागत नाही. तुमच्या वाक्यात 'हू'ने सुरू होणाऱ्या उपवाक्याने 'ज्या कोणी नोंदणी केली नसेल' असा गट ठरवून दिला आहे, म्हणून तेथे 'एनीवन' आधी येऊ शकते. 'एनीवन डिड नॉट कम' मध्ये असा गट ठरलेला नसतो. फळ्यावरचा माझा डावा-उजवा नियम पहिल्या कामापुरताच आहे, हे स्पष्ट करायला हवे होते. तुमच्या प्रश्नामुळे ते झाले.

पारिजात

'हार्डली', 'विदाउट', 'रिफ्यूज' या शब्दांत 'नॉट' दिसत नाही, पण त्यांच्यामागूनही 'एनी'च येते: 'शी लेफ्ट विदाउट टेलिंग एनीवन.' उघड नकार नसला तरी अर्थात दडलेला नकार पुरतो.

गणिती

नकाराचा विषय निघालाच आहे, तर 'एव्हरीवन डिड नॉट कम' या वाक्याबद्दल लिहितो, कारण अहवालात त्याने खरा घोटाळा होतो. या वाक्याचे दोन अर्थ निघतात. एक, कोणीच आले नाही. दोन, सगळे आले नाहीत, काही जण आले. तर्कशास्त्रात हा प्रश्न नकाराची व्याप्ती कुठपर्यंत आहे, असा मांडला जातो. 'सर्व' आणि 'काही' यांची व्याप्ती चिन्हांनी बिनचूक दाखवण्याची पद्धत गॉटलोब फ्रेगे यांनी १८७९ मध्ये मांडली, ती काही अंशी अशाच संदिग्धतेवर उपाय म्हणून उपयोगी पडली.

मराठीतही 'सगळे आले नाहीत' हे वाक्य संदर्भाशिवाय संदिग्ध राहते, पण बोलताना आघाताने आपण अर्थ पोहोचवतो. लेखनात आघात नसतो. इंग्रजीत दोन्ही अर्थांसाठी स्वतंत्र आणि निःसंदिग्ध रचना उपलब्ध आहेत. कोणीच आले नसेल, तर 'नो वन केम'. काही आले आणि काही आले नाहीत, तर 'नॉट एव्हरीवन केम'. 'एव्हरीवन ... नॉट' ही रचना माझ्या मते अहवालातून पूर्णपणे वर्ज्य करावी. 'एव्हरीवन हॅज नॉट साइन्ड' असे वाक्य वाचून एखाद्याने करारावर एकही सही झाली नाही, असे समजून निर्णय घेतला, तर दोष वाचकाला देता येणार नाही.

लेखनसीमा

गणिती यांचा मुद्दा माझ्यासाठी नवा आहे आणि फार उपयोगी आहे. आता याद्यांकडे वळू. 'नन'नंतर 'इज' की 'आर'? शाळेत आम्हाला 'नन' म्हणजे 'नॉट वन', म्हणून एकवचनी, असे शिकवले गेले.

जुनीपाने

व्युत्पत्ती बरोबर आहे. जुन्या इंग्रजीत 'नाही' आणि 'एक' या अर्थांचे दोन शब्द जुळून हा शब्द झाला. पण व्युत्पत्तीवरून आजचे व्याकरण ठरत नाही. १६११ च्या अधिकृत इंग्रजी बायबलमध्येच 'नन ऑफ दीज थिंग्ज मूव्ह मी' असे अनेकवचनी क्रियापद आहे. १९२६ मध्ये फाउलर यांनी आपल्या सुप्रसिद्ध वापरकोशात 'नन' केवळ एकवचनी आहे, हा समज चुकीचा असल्याचे स्पष्टपणे नोंदवले. तेव्हा दोन्ही चालतात. एकही नाही, यावर भर द्यायचा असेल, तर 'नॉट वन ऑफ देम इज' असे लिहिल्यास हेतू अधिक ठळकपणे पोहोचतो.

मुद्रितशोधक

एक अपवाद जोडतो. 'नन ऑफ द इन्फर्मेशन', 'नन ऑफ द वॉटर' अशा ठिकाणी मात्र एकवचनीच क्रियापद हवे, कारण 'ऑफ'नंतरचे नाम मोजता येणारे नाही. 'ऑल', 'सम', 'मोस्ट', 'एनी' यांचेही तसेच: 'सम ऑफ द वर्क इज डन', 'सम ऑफ द फाइल्स आर मिसिंग'. या गटाला स्वतःचे वचन नसते. भांड्यातल्या पाण्यासारखे ते 'ऑफ'नंतरच्या नामाचा आकार घेतात. नाम वाक्यात नसेल, तर संदर्भातून ओळखावे: 'ऑल इज वेल' म्हणजे परिस्थिती, 'ऑल आर प्रेझेंट' म्हणजे माणसे.

'बोथ', 'फ्यू', 'मेनी', 'सेव्हरल' यांचे क्रियापद मात्र ठामपणे अनेकवचनी. तेथे विचार करण्याची वेळच येत नाही.

व्याकरणनिष्ठ

'ईच' आणि 'नायदर' यांना मात्र सैल सोडू नये. 'ईच ऑफ द मेंबर्स हॅज', 'नायदर ऑफ द प्रपोजल्स इज' असेच लिहावे. 'ऑफ'नंतर 'मेंबर्स' हा अनेकवचनी शब्द आल्याने हात आपोआप 'हॅव' लिहून जातो आणि या एका जागी चांगले लिहिणारेही घसरतात.

मुद्रितशोधक

येथे माझे तुमच्याशी पूर्ण एकमत आहे. फक्त 'ईच'ची जागा पाहावी. 'ईच ऑफ देम हॅज', पण 'दे ईच हॅव'. दुसऱ्या वाक्यात कर्ता 'दे' आहे आणि 'ईच' त्याच्यामागे जोडून आले आहे, म्हणून क्रियापद 'दे'चे ऐकते.

आणखी एक गोष्ट, जी तपासताना मला वारंवार खटकते: 'एव्हरीवन ऑफ अस' असे एकत्र लिहिणे. 'ऑफ' येणार असेल, तर 'एव्हरी वन ऑफ अस', 'एनी वन ऑफ दीज' असे सुटे लिहावे. 'एव्हरी' एकटे सर्वनाम होऊ शकत नाही, त्यामुळे 'एव्हरी ऑफ देम'ही चालत नाही. 'नो'चे तेच, तेथे सर्वनाम म्हणून 'नन' वापरावे लागते. 'नो वन' तर सर्वांत वेगळे, कारण 'नोबडी' आणि 'नथिंग' जोडून लिहिले जातात, पण 'नो वन' सुटेच राहते. जोडले, तर दोन 'ओ' शेजारी येऊन 'नून' असा उच्चार होण्याची शक्यता निर्माण होते.

पारिजात

'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांतील फरकाकडे कोणी लक्ष वेधले नाही. सभेच्या इतिवृत्तात 'फ्यू ऑब्जेक्टेड' लिहिले, तर विरोध नगण्य होता, असे वाचक समजतो. 'अ फ्यू ऑब्जेक्टेड' लिहिले, तर काही जणांनी विरोध केला आणि त्याची दखल घ्यायला हवी, असे समजतो. हात वर करणारी माणसे तेवढीच असतात. केवळ एका 'अ'मुळे ठरावाचे चित्र पालटते. मोजता न येणाऱ्या गोष्टींसाठी 'लिटल' आणि 'अ लिटल' यांतही हाच भेद आहे. इतिवृत्त लिहिणाऱ्याने शक्य असेल, तेथे आकडाच द्यावा, असे मला वाटते.

शंकासुर

प्रश्नात 'एनी' आणि होकारात 'सम' असे शिकलो होतो. मग 'कॅन आय आस्क यू समथिंग?' हे काय?

उत्तरा

तो नियम आरंभीच्या वर्गापुरता ठीक आहे. प्रश्न विचारणाऱ्याला होकार अपेक्षित असेल, किंवा तो विनंती करत असेल, काही देऊ करत असेल, तर 'सम' येते. 'डिड एनीवन कॉल?' या प्रश्नात फोन आला की नाही, याबद्दल मला काहीच कल्पना नाही. 'डिड समवन कॉल?' मध्ये मला फोन वाजल्यासारखा वाटला आहे आणि मी खात्री करून घेत आहे. पाहुण्याला किंवा ग्राहकाला काही देऊ करताना 'एनीथिंग'ऐवजी 'समथिंग' म्हणणे म्हणूनच अधिक अगत्याचे वाटते.

लेखनसीमा

सर्वांचे आभार. चर्चेवरून मी असे ठरवले आहे की परिपत्रकात 'एव्हरीवन मस्ट सबमिट देअर रिपोर्ट बाय फ्रायडे' असे लिहावे आणि सहकाऱ्यांना ते मान्य नसल्यास व्याकरणनिष्ठ यांचे 'ऑल एम्प्लॉइज' घ्यावे. मात्र 'हिज ऑर हर' घेऊ नये. 'मस्ट'ला वचन नसल्याने निदान 'हॅज' आणि 'देअर' शेजारी दिसणार नाहीत.

एक शेवटची शंका आहे. त्याच परिपत्रकात पुढे, प्रत्येकाने बैठकीत स्वतःची ओळख करून द्यावी, असे लिहायचे आहे. तेथे 'हिमसेल्फ ऑर हरसेल्फ' टाळून काय लिहावे?

व्याकरणनिष्ठ

'ऑल पार्टिसिपंट्स शुड इंट्रोड्यूस देमसेल्व्ह्ज.' माझी पसंती अजूनही अनेकवचनी कर्त्यालाच आहे. मात्र जुनीपाने यांनी दिलेली उदाहरणे पाहिल्यानंतर 'एव्हरीवन ... देअर' असे कोणी लिहिले, तर मी ते खोडणार नाही.

मुद्रितशोधक

'एव्हरीवन'च ठेवायचे असेल, तर 'एव्हरीवन शुड इंट्रोड्यूस देमसेल्व्ह्ज' असे लिहावे. 'देमसेल्फ' हे रूप जुने आहे आणि अलीकडे पुन्हा वापरात येत आहे, पण औपचारिक पत्रव्यवहारात ते अनेकांना खटकते, म्हणून 'देमसेल्व्ह्ज' सुरक्षित. वाक्याच्या शेवटी जोडप्रश्न येतो, तेव्हाही हीच कसोटी लागते: 'एव्हरीवन हॅज साइन्ड, हॅवन्ट दे?' येथे पहिल्या भागात 'हॅज' आणि दुसऱ्या भागात 'हॅव' आहे. कितीही काटेकोर व्याकरणकार असला, तरी तेथे 'हॅजन्ट ही ऑर शी' असे लिहीत नाही. 'नथिंग हॅज चेंज्ड, हॅज इट?' मध्ये मात्र वस्तूचा अर्थ असल्याने 'इट' येते आणि 'नथिंग'मध्ये नकार असल्याने जोडप्रश्न होकारार्थी राहतो.